गाथेला माणसं हवीत

लेकीने लग्न बेटावर करायचं ठरवलं तेव्हा मी मेथी निवडत होते. ती खराडीच्या ऑफिसातून दमून आली, समोर बसली, दोन काड्या निवडल्यासारखं केलं आणि म्हणाली की श्रीलंकेत समुद्राकाठी एक हॉटेल आहे, तिथे आपण सगळ्यांनी आठवडाभर राहायचं आणि तिथेच लग्न. मी विचारलं, आठवडाभर लग्नात करतात काय? आमचं लग्न सकाळी लागलं आणि दुपारी आम्ही जेवत असतानाच मंडपवाला आमच्या बुडाखालच्या खुर्च्या मागायला आला होता. त्यात काही कमी पडलं असं मला आजवर वाटलेलं नाही.

पण घरातच फितुरी होती. आमचे हे श्रीलंकेचं नाव ऐकूनच विरघळले. बुद्धाचा देश, म्हणे. पोरीचं लग्न बुद्धाच्या देशात, आणखी काय पाहिजे माणसाला! तारीखही त्यांनीच काढली, पौर्णिमेची. आम्ही मुहूर्त, पत्रिका यातलं काही मानत नाही आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला अभिमानाने ऐकवतात. पण पौर्णिमा दिसली की त्यांना राहवत नाही. हा मुहूर्त नाही, नुसती पौर्णिमा आहे, असं त्यांनी मला समजावलं. मी हात टेकले.

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत बातमी जिन्याने वर-खाली फिरली. समोरच्या काकूंनी दार अर्धंच उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "का, पुण्यात हॉल मिळाला नाही?"

मी म्हटलं, हॉल मिळत होता, पण समुद्र त्यांच्याकडे नव्हता. काकूंनी दार लावून घेतलं.

खरा पेच आक्कांचा होता. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, येरवड्याच्या वस्तीत राहतात. आमच्यात लग्न लावायला पुरोहित नसतो. बुद्धाची मूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर मांडायची, मेणबत्त्या लावायच्या, सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हणायचं आणि मग नवरा-नवरीवर फुलं टाकत पाली गाथा म्हणायच्या. आमच्या घरात या गाथा आक्का म्हणतात. माझ्या लग्नात त्यांनीच म्हटल्या. वस्तीत तर कुणाचंही लग्न असो, पुढे आक्का आणि मागे अख्खी वस्ती. आवाज असा की शेवटच्या रांगेत कुजबुजणाऱ्या बायका आपोआप गप्प व्हायच्या. लेकीची लग्नात एकच अट होती. बाकी काही नसलं तरी चालेल, पण गाथा आत्यानेच म्हणायच्या.

आणि आक्कांनी निरोप धाडला की मी काही यायची नाही.

मी तडक येरवडा गाठला. आक्का लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी मला सुनावलं की विमानात बसून चाळीस माणसं जाणार, त्यात वस्तीतलं कोण? जिने पोरीला न्हाऊमाखू घातलं ती शेजारीण इथेच राहणार, आणि लग्न परक्या वाळूत. मी म्हटलं, आल्यावर वस्तीत जेवण घालणारच आहोत. आक्का म्हणाल्या, जेवायला काय, कुणीही येतं.

"गाथेला माणसं लागतात गं," त्या म्हणाल्या. "चार टाळक्यांत ती उभी राहत नाही."

माझं डोकंच फिरलं. लोकांच्या घरी नणंद साडीवरून रुसते, आमची माणसांच्या संख्येवरून! घरी येऊन मी ह्यांच्यावर तोंडसुख घेतलं, कारण बहीण त्यांची. शेवटी लेक एका रविवारी स्वतः आत्याकडे गेली आणि दिवसभर राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर आत्याचा आवाज मध्येच फुटतो, हे ती रडत रडत सांगत होती. वस्तीत फुटला तर मागची माणसं उचलून धरतात, कुणाला पत्ता लागत नाही. बेटावर फुटला तर उचलणार कोण? भाचीच्या लग्नात गाथा अर्धी राहिली हे आत्याला जन्मभर डाचेल. म्हणून ती येईल, पण म्हणणार नाही.

हे ऐकल्यावर माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फार वाईट वाटलं. इतकी धिप्पाड बाई, आणि आतून इतकी घाबरलेली. मग होणाऱ्या जावयाने तोडगा काढला की मोबाइलमध्ये गाथा आहेत, त्या मोठ्या स्पीकरवर लावू, आत्यांनी शेजारी उभं राहून नुसते ओठ हलवायचे. लेकीने मान डोलावली, पण तिचं तोंड उतरलेलंच होतं.

तर अशी आमची वरात श्रीलंकेला पोचली. विमानतळापासून हॉटेलपर्यंतच्या रस्त्याला कोपऱ्या-कोपऱ्यावर बुद्धाच्या मूर्ती. प्रत्येक मूर्ती आली की आमचे हे बसमध्ये उभे राहून हात जोडायचे आणि प्रत्येक वळणाला शेजारच्याच्या मांडीवर पडायचे.

आठवडाभर यजमानीण असणं म्हणजे काय, हे मला पहिल्याच सकाळी कळलं. माझ्या खोलीचा फोन खणखणायला लागला. गीझर कुठून चालू करायचा? चहात दुधाची पावडर का आहे? चुलत सासऱ्यांनी तर समुद्राकडे बघत शांतपणे विचारलं की इथे पोहे मिळतील का. मी म्हटलं, मामंजी, मिळतील, पण तुम्हाला पोहत आणायला लागतील. ते रागावले नाहीत. नंतर ते तिथल्या लालभडक खोबऱ्याच्या चटणीच्या असे प्रेमात पडले की नाश्ता, जेवण, सगळ्याला तीच.

हळद वाळूत झाली. वाळू हळदीला चिकटली, हळद वाळूला, आणि नवऱ्या मुलाला समुद्रात बुडवून काढावा लागला. तरुण मंडळी दिवसभर पाण्यात आणि संध्याकाळी भरतीच्या रेघेवर क्रिकेट. खोटं कशाला बोलू, मलाही मजा यायला लागली. कुणाला जेवायला वाढायचं नाही, भांडी नाहीत, पाय पाण्यात सोडून बसायचं. नोकरीत आणि संसारात मिळून इतकी निवांत मी कधी बसले नव्हते.

आक्का मात्र व्हरांड्यात समुद्राकडे पाठ करून बसायच्या. मी म्हटलं, आक्का, जरा वळून बघा तरी. म्हणाल्या, बघितला, पाणीच आहे. जेवणातही भात आणि ताक, संपलं. त्यांच्याशी रोज बोलायची ती एकच, खोल्या झाडणारी एक मध्यमवयीन बाई. तिला मराठी येत नव्हतं, आक्कांना सिंहली येत नव्हतं. तरी दोघी गुडघेदुखीबद्दल बराच वेळ बोलत असायच्या.

लग्नाला दोन दिवस उरले आणि हॉटेलच्या मॅनेजरने आम्हाला अदबीने बसवून सांगितलं की पौर्णिमेला त्यांच्या देशात सुट्टी असते. त्या दिवशी दारू नाही, मटण-मासळी नाही, मोठ्याने गाणीबजावणी नाही. निम्मा स्टाफ पांढरे कपडे घालून विहारात जाणार. तारीख तुम्हीच निवडलीत, तेव्हा तुम्हाला माहीत असेल असं वाटलं, असं तो म्हणाला. सगळ्यांनी वळून आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताच्या पंख्याकडे बघत होते. जावयाच्या मित्रांनी तर असा चेहरा केला की जणू कुणी परीक्षा पुढे ढकलायच्या ऐवजी अलीकडे घेतली असावी.

मला दारूचं सोयरसुतक नव्हतं, बरंच झालं म्हटलं. पण स्पीकरही बंद होता. म्हणजे गाथा लावायच्या कशावर? लेक उठून सरळ व्हरांड्यात गेली, मी मागोमाग. आत्यासमोर वाळूभरल्या पायांनीच बसली आणि काय झालं ते सांगितलं. 

"मध्येच फुटला तर?" आक्कांनी विचारलं.

"फुटू दे," लेक म्हणाली. "मला तुझा फुटकाच पाहिजे."

आक्कांनी तिच्या पायाची वाळू पदराने झटकली. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे तयार झालो. आमच्यात नवरीला पांढरी साडी असते आणि घरचेही पांढऱ्यातच असतात. सजावट कुठल्या रंगाची, असं हॉटेलने आधी विचारलं होतं तेव्हा मी ठणकावून सांगितलं होतं, सगळं पांढरं. त्याप्रमाणे फाटकापासून वाळूपर्यंत पांढऱ्या पताका फडफडत होत्या. मी मूर्ती मांडली, तसबिरीला मोठा हार घातला आणि लांबून बघितलं. फार सुरेख दिसत होतं.

फक्त हॉटेलवाले चमत्कारिक वागत होते. माळी मला बघून टोपी काढून उभा राहिला. स्वयंपाकघरातून गोड यायचं होतं ते आलं नाही, साधा काळा चहा आला. मग मॅनेजरच्या जागी त्या दिवशी असलेला तरुण असिस्टंट हात बांधून जवळ आला. तसबिरीकडे बघून त्याने हळू आवाजात इंग्रजीत विचारलं की हे आपले वडील का? आता या प्रश्नाला आमच्यातला कुणीही जे म्हणेल तेच मी म्हटलं. हो, वडीलच. आम्हा सगळ्यांचे. कधी गेले, त्याने विचारलं. मी म्हटलं, झाली बरीच वर्षं, पण आमच्या प्रत्येक कार्यात ते असतातच. त्याने मान खाली घातली आणि काही लागलं तर सांगा म्हणाला. काय गुणी मुलगा आहे, असं मी ह्यांना म्हटलंसुद्धा.

ऊन उतरल्यावर आम्ही उभे राहिलो. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या, जावयाच्या मित्रांनी हाताचे आडोसे केले. त्रिसरण-पंचशील झालं. तेवढ्यात विहारातून परतलेली हॉटेलची माणसं फाटकातून येताना दिसली. आम्हाला बघून ती पताकांखाली खाली मान घालून उभी राहिली. ती खोल्या झाडणारी बाईही त्यात होती, तीही पांढऱ्या कपड्यांत.

आक्का पुढे झाल्या. पहिली गाथा त्यांनी म्हटली, आणि बरी म्हटली. आम्ही फुलं टाकली. दुसऱ्या गाथेच्या मध्यावर आवाज फुटला. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा फुटला. मग नुसता वारा आणि लाटा. आम्हा चाळीस जणांना प्रत्येक गाथेची शेवटची ओळ तेवढी पाठ, कारण मधलं सगळं आजवर आक्का म्हणत आल्या. मी तोंड उघडलं, पण शब्दच आठवेनात. लेकीने आत्याकडे बघितलं.

आणि मागून आवाज आला. त्या बाईचा. जिथे तुटलं होतं तिथूनच तिने पुढची ओळ उचलली. चाल वेगळी होती, जरा संथ, पण शब्द तेच, आमचेच. मग माळ्याचा आवाज मिसळला, स्वयंपाक्याचा, फाटकावरच्या रखवालदाराचा, त्यांच्या बायकापोरांचा. बघता बघता समुद्र ऐकू येईनासा झाला. आक्का गर्रकन वळल्या. समोर ती पांढऱ्या कपड्यांतली गर्दी बघितली आणि वस्तीत वर करतात तसा हात वर केला. त्या लोकांच्या संथ चालीत आक्कांनी आपला फुटका आवाज घातला आणि उरलेल्या सगळ्या गाथा शेवटपर्यंत म्हटल्या. मी रडत रडत फुलं टाकत होते, निम्मी माझ्याच डोक्यावर पडली.

सगळं झाल्यावर तो असिस्टंट माझ्यापाशी आला. त्याचे कान लाल झाले होते. मग उलगडा झाला. पांढऱ्या पताका, पांढरे कपडे, हार घातलेली तसबीर, हे त्यांच्याकडे मयताला असतं. लग्न नंतर लागेल, आधी आम्ही घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने जमलोय, अशी सगळ्या हॉटेलची समजूत झाली होती. पण या गाथा त्यांच्याकडेही लग्नातच म्हणतात. पहिली गाथा ऐकताच त्या बाईने शेजारणीला कोपर मारलं होतं की अगं, हे तर लग्न आहे!

त्याने चाचरत तसबिरीकडे बोट केलं. "मॅडम, मग हे वडील?"

"वडीलच," मी म्हटलं. "लग्नाला आलेत."

तो हसला, आणि मग सगळेच हसायला लागले. स्वयंपाकघर पुन्हा पेटलं. नारळाच्या दुधात शिजवलेला घट्ट भात आला, त्यांच्याकडे शुभकार्याला करतात तो. वड्या पाडलेल्या होत्या. आक्कांनी दोन खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. त्या बाईला शेजारी बसवून घेतलं होतं, आणि पहिल्यांदाच त्यांचं तोंड समुद्राकडे होतं. मी जवळ गेले तर मला हळूच म्हणाल्या की यांची चाल चुकते, पण माणसं पक्की आहेत.

पुण्याला परत आलो. वस्तीतल्या जेवणाचं ठरवायला आक्का आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा समोरच्या काकू फोटो बघायला आल्या. चष्मा लावून त्यांनी मोबाइलमधले फोटो एकेक करून सरकवले. छान आहे, म्हणाल्या, पण एवढ्या लांब म्हणजे आपली माणसं काही फार नसतील लग्नाला.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आक्कांनी मला हातानेच थांबवलं.

"अख्खं गाव होतं," त्या म्हणाल्या.