देवासमोर दिलेला होकार

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. साठच्या दशकात गोव्याहून आलेली बस दोडामार्गला आमच्या दारात बंद पडली आणि आईने एका झुपकेदार मिशांच्या प्रवाशाला जेवायला बसवलं. दारूबंदीचे दिवस, तरी या पठ्ठ्याने पिशवीतून धोतरात गुंडाळलेली पोर्तुगीज लाल वाइन काढली!

ओसरीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला दादा. काजूच्या कुंपणावरून वर्षभर आमचा अबोला होता आणि आई मधल्यामध्ये झुरत होती.

पाहुण्याने देवासाठी थेंबभर वाइन जमिनीवर ओतली, डोळे मिटले आणि देवाकडे मागणं मागायचं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या काजींक फळ दी!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने आम्ही सगळे ओरडलो.

"गुरांची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्ये दोन भाव आजपासून शेजारी बसान जेवंदेत!"

"व्हय म्हाराजा!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. पाहुण्याने एकच डोळा उघडला. "आता काय देवाक फसवतलात?"

दादा पान उचलून माझ्याजवळ आला. "सरक रे," म्हणाला. आई पदराआड हसत वडे वाढत राहिली.

आजही घरात बाटली उघडली की शेवटचं गाऱ्हाणं त्या पाहुण्यासाठी असतं: "तो जंय आसात थंय तेका सुखी ठेव!"

सगळ्यांत मोठा आवाज दादाचा असतो.