पांढरी कडी आणि काळे बुडबुडे

दुसऱ्या मजल्यावरची फोटोवाली मेलेल्या माणसांशी बोलते, अशी बातमी आमच्या जिन्यात फिरते आहे. साफ खोटी. ती पसरवणारी तिची सख्खी नणंद आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. फोटोवाली मेलेल्यांशी चकार शब्द बोलत नाही. ती भांडते डॉक्टरांशी, आणि तेही चांगल्या धडधाकट.

रुग्णालयाच्या तळघरात, शवागाराला लागून असलेल्या खोलीत ती सीटी स्कॅनचं मशीन चालवते. मृत्यूबद्दल शंका असली की चिरफाडीआधी देह तिच्याकडे येतो. या खोलीत येण्याआधी बारा वर्षं तिने वरच्या मजल्यावर जिवंतांचे स्कॅन काढले. "तिकडे 'श्वास रोखा' सांगून सांगून घसा सुकायचा," ती म्हणते, "इकडचे सांगायच्या आधीच ऐकतात."

पण परवा वरून बदली होऊन आलेल्या नव्या डॉक्टरांनी तिचं डोकं उठवलं.

घड्याळं दुरुस्त करणारा एक एकटा म्हातारा घरात मेलेला सापडला होता. सोमवारी एक नर्स घरी येऊन त्याला सलाईन लावून गेली. दार फोडलं ते गुरुवारी. तेवढ्यात पुतण्या उगवला. काका जिवंत असताना वर्षभर न फिरकलेला हा गडी पोलिसांना म्हणाला, "त्या बाईनेच सलाईनमधून हवा सोडली." नर्सच्या एजन्सीने तिला बजावलं, रिपोर्ट आण, मगच कामावर ये. म्हणून ती दुपारपासून बाहेरच्या बाकावर बसून होती.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच. "ताई, रक्तवाहिन्यांत काळे बुडबुडे! हवाच आहे ही. आणि महाधमनीची भिंत बघा, पांढरी कडी! भिंतीत रक्त उतरलंय."

"म्हणजे एकाच म्हाताऱ्याला दोनदा मारलंत," फोटोवाली म्हणाली.

"आणि हृदयात खाली पांढरा थर. गाठ!"

"तिसऱ्यांदा." तिने कपाळाला हात लावला. "अहो, माणूस तीन दिवस उताणा पडलेला. ढवळणारं कुणी नाही म्हटल्यावर रक्तातलं जड ते तळाला बसणारच. फॉर्मवर वेळ लिहिलीये मी, ठळक अक्षरात. वाचायला पैसे पडतात का?"

"पण कडी?"

फोटोवालीने फटाफट गेल्या महिन्याचे पाच स्कॅन उघडले. पाचही जणांच्या महाधमनीला तशीच पांढरी कडी. "हे पाचही एकाच आजाराने गेले का? धडधड थांबली, भिंत आकसली, आतलं रक्त चित्रात काळपट पडलं. कडी उठून दिसते."

कडी डॉक्टरांनी सोडली, पण बुडबुडे काही सोडवेनात. "हवा तर हवाच ना, ताई?"

"यातले तिघं उशिरा सापडलेले. बघा, यकृतात, पायाच्या वाहिन्यांत, आतड्याच्या भिंतीत, सगळीकडे तेच. देह कुजताना वायू होतो. तिघांपैकी एकालाही सलाईन लागलेलं नव्हतं. आता या आजोबांचं यकृत बघा. बघितलंत? पाय बघा."

डॉक्टरांनी यकृत पाहिलं, पाय पाहिले, परत यकृत पाहिलं. कान लाल झाले. आपण 'नर्सच्या हलगर्जीने' असं अर्धं वाक्य टंकून बसलोय, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी ते मुकाट्याने खोडलं.

"वायू कुजण्याचा आहे, यावरून सलाईनला दोष देता येत नाही, असं लिहितो," ते म्हणाले. "मरणाचं कारण चिरफाडीत बघतील."

"हां. आता कसं."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजले होते. पिशवी खांद्याला लावत ते म्हणाले, "उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी पूर्ण करतो, ताई. घाई कसली? आपला पेशंट थोडाच पळून जाणार आहे?"

फोटोवालीने त्यांची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"पेशंट नाही पळणार, डॉक्टर. पण बाहेर बाकावर बसलेल्या त्या बाईला उद्या सकाळी कामावर जायचंय. बसा, आणि आत्ता लिहा."