मुनियप्पानं ‘गाडी ठेवून जा’ म्हटलं होतं

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडूनसुद्धा मनात नीट उच्चारलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून असेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही इथंच, कन्नड मुलखात, जे. पी. नगरात राहायचो, मी बँकेत होते. घरात पहिली गाडी आली आणि मी हट्टानं चालवायला शिकले. ह्यांना ते रुचलं नव्हतं. “एकदा जरी काही झालं, तर चावी माझ्याकडे,” असं थट्टेच्या सुरात म्हणायचे. मला त्यात थट्टा कधीच दिसली नाही.

आमचा कायमचा वाद एकच — गाडी दुरुस्तीला न्यायची कुठे? ह्यांचं म्हणणं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच. मला तिथं जायचं म्हटलं की डोकं फिरायचं. काचेपलीकडचा माणूस माझ्यामागे कुणी आहे का बघत विचारायचा, “सर नाही आले?” काय बिघडलं, काय बदललं, विचारावं तर, “मॅडम, ते टेक्निकल आहे.” आणि इकडे यशवंतपूरला मुनियप्पाचं पत्र्याचं गॅरेज. माझ्या माहेरच्या सगळ्या स्कूटरी त्याच्या हाताखालून गेलेल्या. तो बॉनेट उघडून मला जवळ बोलवायचा, “अक्का, स्वल्प इकडे बघा,” आणि एकेक भाग बोटानं दाखवायचा. मी भांडले, जिंकले, आणि गाडी त्याच्याकडे जायला लागली. केवढा तोरा होता मला त्या जिंकण्याचा!

एका शनिवारी गाडीखाली पाणी ठिबकताना दिसलं, म्हणून त्याच्याकडे नेली. रेडिएटरचा रबरी पाइप फुगून चिरला होता. “गाडी ठेवून जा अक्का. नवा पाइप सोमवारी मिळेल.”

पण रविवारी व्हाइटफील्डला मैत्रिणीचा गृहप्रवेश होता. ऑफिसातल्या तिघींना मी गाडीनं नेणार होते. बँकेत सांगून बसले होते सगळ्यांना. मी ऐकेना. शेवटी त्यानं पाइप आवळून बांधून दिला — नाइलाजानं, तोंड वाकडं करून. “हा काटा तांबड्याकडे सरकला की तिथंच थांबायचं. पाच मिनिटंसुद्धा पुढे नाही.” मी त्याच्याच कन्नडमध्ये “सरी, सरी”, बरं बरं, म्हटलं आणि निघाले.

काटा सरकलेला मला दिसला होता.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. दिसला होता. तिघी मागे-पुढे बसून हसत होत्या, एक म्हणाली, “काय सराईत चालवतेस गं!” — आणि मी थांबले नाही. आता आलंच, म्हणत राहिले. मग बॉनेटमधून वाफ, जळका वास, आणि इंजिन जाम.

टेलिफोन बूथवरून ह्यांना बोलावलं. आल्या आल्या त्यांनी एवढंच विचारलं, “कालच दाखवलीस ना त्याला? काय म्हणाला?”

खरं बोलायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं, “म्हणाला, काही नाही, खुशाल न्या.”

तेवढ्यावर सुटलं असतं तरी — पण नाही. दुसऱ्या दिवशी हे मला सोबत घेऊन यशवंतपूरला गेले. गॅरेजात गिऱ्हाइकं होती, त्यात ह्यांचा चुलतभाऊही. सगळ्यांदेखत हे त्याला वाटेल ते बोलले. अडाणी म्हणाले, चार बायकांच्या जिवाशी खेळलास म्हणाले. मुनियप्पा बोलायला लागला, “सार, मी अक्कांना…” आणि थांबला. माझ्याकडे बघितलं त्यानं. रागानं नाही. मी बोलेन म्हणून तो वाट बघत होता, हो! एवढा भरवसा! मी मान वळवून रस्त्यावरची रहदारी बघत राहिले.

मग त्यानं हात पुसले आणि म्हणाला, “सरी सार.” बस्स.

का गप्प राहिला तो? घरात माझं काय होईल, ते त्याला कळलं होतं का? की समोरची बाईच बोलत नाही म्हटल्यावर त्याला बोलण्यात राम वाटला नाही? मी कधी विचारलं नाही.

आपल्या मराठी मंडळींचा गोतावळा इथे केवढासा! गणपतीत, लग्नाकार्यात ह्यांनी ही हकिकत रंगवून रंगवून सांगितली. एकेका घरची गाडी त्याच्याकडे जायची बंद झाली. माझ्या माहेरचीसुद्धा. दोनेक वर्षांनी मी त्या बाजूला गेले, तर तिथं प्लायवुडचं दुकान होतं. शेजारचा म्हणाला, तो तुमकूरकडे गेला, गावी. मी पत्ता विचारला नाही. कदाचित दुसरंच काही कारण असेल, असं म्हणायची मी स्वतःला सवय लावून घेतली. सोयीचा शब्द आहे हा ‘कदाचित’.

चावी माझ्याकडेच राहिली. सर्व्हिस सेंटरनं इंजिन नवं करून दिलं, आणि तीच गाडी मी पुढे कितीतरी वर्षं चालवली.

अजूनही कुणी नवी गाडी घेतली की हे सुरू करतात — गॅरेजवाल्यांच्या नादी लागू नका, आमच्या हिला विचारा. मग सगळे माझ्याकडे बघतात. परवा भाच्यानं विचारलं, “खरंच मावशी?”

मी “हो” म्हटलं.