आठचा स्टिकर

नागपूरच्या दुकानदाराने मला फसवलं. चार ओहमचे स्पीकर आठचे म्हणून गळ्यात मारले. स्पीकर ज्याला जोडतात त्या रिसीव्हरच्या मागे चार आणि आठचा खटका असतो, तो स्पीकरप्रमाणे ठेवायचा. मी आठवर ठेवला, आणि आवाज चढवला की रिसीव्हर तापून बंद पडू लागला.

मग आमच्या सिंदी मेघेतल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा माणूस कुठल्याही यंत्राला बिघडलं म्हणत नाही. झाकणावर तळहात ठेवतो आणि डोळे मिटतो.

"थकला हा, भाऊ. काऊन एवढा राबवून राह्यले याले?"

"मले नको विचारू, त्यालेच विचार," मी खेकसलो. तो हसला. माझ्या रागाला तो कुकरच्या शिटीइतकंच मोजतो.

स्पीकरला मीटर लावून पाहिल्यावर त्याने मागचा स्टिकर नखाने उचकटला. आठच्या खाली छापील चार निघाला. नेमके तेव्हाच माझे व्याही खोलीत आले. घासाघीस करून हा माल कसा पदरात पाडला, ते मी त्यांना सकाळपासून ऐकवत होतो.

"काय झालं जी?" त्यांनी विचारलं.

त्याने अंगठ्याने स्टिकर दाबून परत बसवला आणि खटका चारवर सरकवला. "काई नाई जी, खटका चुकीचा लागलता."



त्याने स्टिकर चिकटवला तो माझी लाज राखायला. नागपूरच्या त्या दुकानदाराने कशासाठी चिकटवला होता, हे त्या दुकानदारानेच गिऱ्हाइकांनी भरलेल्या आपल्या दुकानात, माझ्यासमोर उभं राहून सांगावं.