सुमनचा ट्राउट

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. आज इथे आखातात, जनाबियाला लेकीकडे लोण्यात ट्राउट मासा परतल्याचा वास सुटला आणि नातीने विचारलं, "आजोबा, यू कॉट वन, राइट?"

खूप वर्षांपूर्वी आम्ही आखातातून सुट्टीत कुलूला गेलो होतो. वसंत लागला होता, पण हिवाळ्यात पडलेलं भरपूर बर्फ वितळून ओढ्यात उतरत होतं. मी इथल्या हिद्दच्या समुद्रकिनाऱ्यावर ऊन चढायच्या आत गळ टाकणारा माणूस. तिथेही पहाटेच बायकोला, सुमनला, उठवलं. तिने पाण्यात बोटं बुडवली आणि लगेच शालीत लपवली.

"अहो, एवढ्या गारठ्यात मासे तरी हलतील का? ऊन येऊ द्या."

"डोंबिवलीत माहेरी किती मासे धरलेस?" मी हसलो.

दुपारपर्यंत काहीच लागलं नाही. कंटाळून मी खडकावर आडवा झालो. ऊन पाण्यात शिरल्यावर तिने माझा गळ उचलला. थोड्या वेळाने तिच्या ओरडण्याने मी जागा झालो. ठिपक्याठिपक्यांचा ट्राउट तिच्या पायाशी उसळत होता आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

आखातात परतल्यावर हूऱ्यातल्या आमच्या तेव्हाच्या घरी मित्र जमले. मी सांगितलं, मासा मी पकडला. चहा ठेवता ठेवता सुमन म्हणाली, "यांना पाणी बरोबर कळतं." तेव्हा मला ती थट्टा वाटली. आज वाटतं, चारचौघांत तिने मला सांभाळून घेतलं.

"नाही गं, आजीने पकडला," मी नातीला सांगितलं. जिला सांगायचं होतं, ती आता नाही. सुमन, मासा तुझा होता. माफ कर मला.