कोऱ्या कापडाची खळ

परभणीजवळच्या आमच्या बोरी गावात समुद्राचा वास आणला तो मी; प्लास्टिकच्या बरणीतून, एसटीच्या तीन गाड्या बदलून. कोकणच्या खडकांवर, ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात वाकून वेचलेले समुद्रशेवाळ होते ते: हिरवे, तपकिरी, आणि एकच एक तांबडे, केसाहून बारीक फांद्यांचे. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या परीक्षेसाठी वीस कागदांचा संग्रह द्यायचा होता. विसावे ते तांबडे. त्याच्याविना संग्रह अपुरा, आणि अपुरा संग्रह परीक्षक हातातही घेत नसत.

शेवाळ परातीतल्या पाण्यात तरंगवायचे, खालून कागद सरकवून अलगद उचलायचे, फांद्या कुंचल्याने पसरायच्या. वर पातळ कापड, रद्दी, वजन. शेवाळ आपल्याच चिकाने कागद धरते. कापड मात्र सुटून येते.

चौथ्या दिवशी तांबड्यावरचे कापड सुटेना. कोपरा ओढला, तर एक तांबडा तंतू तुटून कापडाबरोबर आला.

ओट्यावर ज्वारी निवडत बसलेली आई न उठताच म्हणाली, "वढू नको माय. कापड कोरं हाय का?"

"हो. परवाच आणलं."

"मंग खळ न्हाई धुतलीस. पुस्तकात न्हवतं व्हय ते?"

नव्हते.

"कापडावरच्या पापड्या कशा काढतो आपण? पाठीकून पाणी." तिने ओला तळवा कापडाच्या पाठीवर नुसता टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. "थांब जरा. भिजायलंय. आता तू काढ. तुजं शेवाळ हाय."

कापड ओठ विलगावेत तसे सुटत गेले. कागदावर तांबडी नक्षी उजळली, आणि क्षणभर आमच्या अंगणाला खारा गंध आला.

परीक्षक किनाऱ्याकडचे. संग्रह उघडतानाच हसले, "परभणीला समुद्र कधी आला बुवा?" विसाव्या कागदाशी मात्र थांबले. भिंग लावून बराच वेळ पाहिले.

"एक तंतू तुटलाय, सर," मीच सांगितले.

"तो दिसला. बाकीची टोकं शाबूत कशी? आमची मुलं कापड काढतानाच घालवतात."

मी ज्वारीच्या पापड्यांची रीत सांगितली. त्यांनी ती खिशातल्या वहीत उतरवून घेतली, आणि खाली मान घालूनच म्हणाले, "संग्रह परत मिळणार नाही. विभागात ठेवतोय. पुढच्यांना दाखवायला."

परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती. बोरीपर्यंत उभी आले, आणि ते अंतर मला जाणवलेच नाही.