एका तासाचं काम

लिफ्ट बंद, म्हणून आत्या चार जिने चढून धापा टाकत वर आली आणि बेल दाबली. काखेत पॅड, पॅडला दोऱ्याने बांधलेलं पेन. दार उघडलं तिच्याच भावाने.

"किल्ली आहे ना तुझ्याकडे?" दादा म्हणाला.

"आज सरकारी कामाने आलेय. बेल वाजवायची असते."

दादाच्या पोरांची ती आत्या, म्हणून अख्ख्या इमारतीचीच आत्या. राहते खाली, दुसऱ्या मजल्यावर. काम म्हणजे घरोघर जाऊन सर्व्हेचे फॉर्म भरायचे. जुनी राजवट गेली, सरकारी कारखाने विकले नाहीतर बुडाले, असे नऊ देश आहेत. नऊही ठिकाणी एकाच आठवड्यात तेच प्रश्न विचारतात. कोण किती जगतं, कुणाला काम आहे, कुणाला नाही. मग आकडे शेजारी शेजारी मांडतात.

या वेळी यादीत दादाचं घर आलं. नात्यातल्यांचा फॉर्म भरायचा नाही, असा नियम. पण लग्नानंतर आडनाव बदललेलं, ऑफिसला कळलं नाही, आत्याही गप्प बसली. तिची एक चूक आधीच पकडलेली. दुसरी सापडली की घरी.

दादा ट्रॅक्टरच्या कारखान्यात क्रेनवर होता, तेवीस वर्षं. कुलूप लागून अकरा झाली. अजूनही सहाला उठतो, दाढी करतो आणि खिडकीशी बसतो.

"गेल्या आठवड्यात मोबदला घेऊन एक तास तरी काम केलंत का?"

"केलंत? अगं, शुद्धीवर आहेस ना?"

"फॉर्मात तसंच आहे. सांग पटकन."

"नाही. काम नाही, असं लिही."

मंगळवारी त्याने पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंचा नळ दुरुस्त केला होता. स्क्रू गंजलेला, तासभर गेला. नर्सबाईंनी सहा अंडी दिली. त्यातली दोन आत्यानेच उकडून खाल्ली होती.

"अंडी मोबदल्यात धरतात, दादा."

"म्हणजे तीस टन उचलणारा माणूस सहा अंड्यांवर नोकरीला लागला म्हण की!" तो हसला. मग हसायचा थांबला. "कारखान्याने 'राजीखुशीने सोडलं' म्हणून सही घेतली. माझं काम गेलं, हे आजवर कुठल्याच कागदावर नाही. तू तरी लिही."

सुपरवायझर दहातल्या एका घरी फोन करून खात्री करायचे. आत्याने 'हो'वर खूण केली. किती तास? एक. दादा उठून धुतलेलाच कप परत धुवायला लागला. ती पुढच्या घरी गेली.

त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा. मीठ दे. दार ओढून घे. इमारतीतले तिला दगड म्हणाले. म्हणू देत. त्यांनी ती यादी घेऊन चार जिने चढून दाखवावं.

सहा महिन्यांनी तक्ता आला. नऊ देशांत सगळ्यात कमी बेकारी आपली. आत्याने आकडा वाचला आणि पुढची यादी काढली.

दोन वर्षांनी सुपरवायझर तिच्याशी सहज बोलून गेले. त्या वेळी फोन दादालाच लागला होता. "फॉर्म भरणाऱ्या बाई तुमच्या कोण?" असं त्यांनी विचारलं होतं.

"कोणी नाही," दादा म्हणाला होता. "फॉर्म बरोबर आहे. एक तास काम केलं. सहा अंडी मिळाली."